गाडीचं खातं

मी संशयी बाई आहे. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर वर टाकली, तर मी आधी पिशवीतली वांगी उलटून बघते. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, हिला देवळात प्रसाद दिला तरी ही वास घेऊन खाईल. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ज्या घरातला पुरुष अर्धा महिना गाडीवर असतो, त्या घरात एकानं तरी संशयी असायलाच हवं. आणि आमचे हे म्हणजे भोळा सांब. धाब्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे मोबाइल सांभाळायला देऊन हात धुवायला जातील.

हे ट्रक चालवतात. मानपाड्याच्या केमिकल कंपन्यांमधून ड्रम भरायचे आणि वापी, अंकलेश्वरला नेऊन उतरवायचे. गाडी शेटची. शेटच्या दहा-बारा गाड्या कंपन्यांना कंत्राटानं लागलेल्या आहेत, आणि ह्यांची अठरा वर्षं त्या एकाच शेटकडे गेली. पगार बावीस हजार, फेरीचा भत्ता वेगळा. राहायला आम्ही आंबिवलीला. मुलगी एकच. यंदा तिचा फार्मसीला नंबर लागला आणि आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पांढरा कोट घालणार म्हणून मी शेजारीपाजारी शिरा वाटून आले.

शिरा जरा घाईनंच वाटला. कॉलेजची फी वर्षाला सव्वा लाख. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर मुलींची फी सरकार भरतं, पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजात दिला नाही तर पूर्ण फी भरा, नाहीतर सीट सोडा. आठ लाख म्हटल्यावर मी निर्धास्त होते. आमच्या घराला आठ लाख दुरूनसुद्धा दिसलेले नव्हते. ह्यांच्या इन्कम टॅक्सच्या रिटर्नचा कागद मागितला होता, तो मी पिशवीत टाकला आणि कल्याणला दाखल्याच्या केंद्रावर गेले. तो कागद दरवर्षी मानपाड्याच्या नाक्यावरचा एक एजंट करून देतो. शेटच्या सगळ्या ड्रायव्हरांचे तोच करतो. इंग्रजीत असतो, त्यामुळे मी तो कधी वाचला नव्हता.

केंद्रावरच्या मुलीनं वाचला. मग तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं आणि परत कागदाकडे बघितलं.

"काकी, आठ लाखांच्या आतला दाखला नाही होणार. काकांचं उत्पन्न अकरा लाख वीस हजार आहे."

"कोणाचं?"

"काकांचंच. पॅन नंबर पण तोच आहे ना."

मी म्हटलं, परत बघ, एखादं शून्य जास्त पडलं असेल. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. शून्य बरोबर होतं. मागे रांगेतला एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "अकरा लाख कमावतात आणि फीमाफी पाहिजे!" त्याला द्यायचं उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण बाहेर पडलं नाही, कारण तोपर्यंत माझ्याच मनात पाल चुकचुकली होती. बावीस हजार घरी येतात. मग उरलेले जातात कुठे?

घरी येईपर्यंत मी ह्यांचं दुसरं घर वापीला थाटून मोकळी झाले होते. तिथली बाई गोरी होती, तिचा स्वतःचा ब्लॉक होता आणि ती ह्यांना रोज ताजं फरसाण करून घालत होती. हसू नका. पुरावे होते. ह्यांना वर्षभरापासून चहात आलं जास्त लागायला लागलं होतं. फोनवर कुणाशी तरी "केम छो" करायचे. मागच्या फेरीत बॅगेत एक गुलाबी टॉवेल निघाला होता आणि तो साबणाच्या पाकिटावर फुकट मिळाला असं ह्यांनी सांगितलं होतं. तेव्हा मी ते ऐकून घेतलं होतं. आता त्या टॉवेलकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मुलीला काही बोलले नाही, पण ती पोर दोनदा येऊन विचारून गेली, "आई, दाखला कधी मिळणार?" माझ्या संसाराचं जे व्हायचं ते होवो, हिची सीट जाता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

हे दुसऱ्या दिवशी आले. आंघोळ झाली, जेवायला बसले. मी भाकरी वाढली आणि समोर बसले.

"अकरा लाख वीस हजार," मी म्हटलं.

"कशाचे?"

"तेच विचारतेय. कुठे ठेवलेत?"

हे भाकरी मोडायचे थांबले. मी सगळं सांगितलं. केंद्र, कागद, रांगेतला माणूस. टॉवेलही काढला. हे आधी हसले, आणि हसले म्हणून मी आणखी भडकले. मग जरा वेळ विचार करून म्हणाले, "अगं, ते गाडीच्या खात्यातलं असेल."

"कुठलं गाडीचं खातं?"

"गाडीचं खातं, म्हणजे... गाडीचं."

त्या संध्याकाळी मला जे कळलं, ते मी पुढे ज्याला ज्याला सांगितलं त्यानं कपाळावर हात मारला. ड्रायव्हर लोकांना मात्र त्यात काहीच वावगं वाटत नाही. शेटकडे नवा ड्रायव्हर लागला की शेट त्याला बँकेत नेतो आणि त्याच्या नावानं, त्याच्या पॅनवर एक खातं उघडतो. त्या खात्यावर शेट डिझेलचे, टोलचे, हमालीचे पैसे टाकतो. पगारही त्यातच येतो. हे तो काढून आमच्या घरच्या खात्यावर भरतात. आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड ड्रायव्हरच्या खिशात नसतं. ते गाडीत असतं, केबिनमधल्या गणपतीच्या फोटोमागे. गाडी दुसऱ्यानं नेली की कार्ड गाडीबरोबर जातं. पिन सगळ्यांना ठाऊक, कारण पिन म्हणजे गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे.

"म्हणजे तुमच्या नावाच्या खात्यातून कुणीही पैसे काढतं?" मी विचारलं.

"कुणीही कसं? जो गाडीवर असेल तो. अगं, ते माझं नाहीच ना. माझं फक्त नाव आहे."

मी विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? एवढी सोयीची गोष्ट मला कुणीही पाच मिनिटांत रचून सांगितली असती. मी म्हटलं, मला ते कार्ड दाखवा. दुसऱ्या दिवशी आम्ही मानपाड्याला गेलो. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागून शेटच्या गाड्या लागतात. ह्यांची गाडी तिथे नव्हती. ह्यांची सुट्टी म्हणून बदली ड्रायव्हर घेऊन गेला होता, जवळच उरणपर्यंत. आम्ही वाट बघत चहाच्या टपरीवर बसलो. गाडी आली. एक अनोळखी माणूस खाली उतरला, ह्यांच्याकडे बघून हात केला आणि मला म्हणाला, "वैनी, आत्ताच काढले चार हजार, डिझेलला." ह्यांच्या फोनवर तेवढ्यात बँकेचा मेसेज वाजला. हे तो न वाचताच फोन खिशात घालायला लागले. मी हातातून घेतला. चार हजार. वर सरकवत गेले तर असे शेकडो मेसेज होते, आणि एकही उघडलेला नव्हता.

मग मी केबिनमध्ये चढले. गणपतीमागे कार्ड होतं. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव छापलेलं होतं, आणि कडेला ग्रीसचे डाग. वापीची गोरी बाई त्या क्षणी मेली, बिचारी. पण माझा संशय काही तिच्याबरोबर गेला नाही. तो नुसता जागा बदलून शेटवर जाऊन बसला. अठरा वर्षं शेट आपल्या गाडीचा पैसा माझ्या नवऱ्याच्या नावावर का ठेवतो? कुठंतरी पाणी मुरत होतं.

हे म्हणाले, "शेट तसा माणूस नाही. दर वर्षी बोनस देतो. आणि माझे वडील गेले तेव्हा गावाला न्यायला गाडी कुणी दिली?"

बोनसचं खरं होतं. दर वर्षी गणपतीच्या आसपास त्याच गाडीच्या खात्यावर दहा-अकरा हजार यायचे. शेट सांगायचा, "तुझा बोनस पडला बघ, काढून घे." हे काढून आणायचे. मग कल्याणच्या दुकानातून अर्धा किलो पेढे घेऊन शेटच्या ऑफिसात जायचे आणि पाया पडून यायचे. सगळेच ड्रायव्हर जायचे. ज्याला बोनस जास्त, तो शेटचा लाडका, असा त्यांच्यात हिशेब होता. त्यावरून रुसवेफुगवेही व्हायचे. लांबच्या फेऱ्या मारणाऱ्यांनाच नेहमी जास्त का पडतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

वर्तकनगरला माझी आत्या राहते. तिच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका लोकांची टॅक्सची कामं करतात. बँकेतून खात्याचा उतारा काढून आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फी सांगितली नाही, म्हणून मला त्यांचाही जरा संशय आलाच. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं शांतपणे बघितली.

"तुम्ही ड्रायव्हर आहात ना?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"हो साहेब."

"तुमच्या मालकांच्या कागदांवर तुम्ही ड्रायव्हर नाही आहात. तुम्ही कंत्राटदार आहात. त्यांनी तुम्हाला कंत्राटाचे पैसे दिले, असं दाखवलं आहे. पगार, डिझेल, टोल, सगळं मिळून तुमची कमाई. आजवर हा एजंट त्यातली थोडी कमाई दाखवत असे. आता बारा लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणून यंदा त्यानं सरसकट सगळीच दाखवून टाकली. त्याचे कष्ट वाचले."

"आणि शेटला काय फायदा?" मी विचारलं.

"नोकर ठेवला की भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी द्यावी लागते. कंत्राटदाराला काही द्यावं लागत नाही. कंत्राटदाराला पैसे देताना शेकडा एक रुपया कर कापायचा असतो, तेवढा ते कापतात."

हे मध्येच म्हणाले, "तेच! डिझेलला पैसे टाकले की नेहमी थोडे कमी पडतात. शंभर, दीडशे. मी माझ्या भत्त्यातून घालतो. मला वाटायचं बँक कापते."

काकांनी चष्मा काढला. "बँक नाही. तो तुमच्या नावानं सरकारात भरलेला कर. रिटर्न भरलं की तो परत येतो. हा बघा, मागच्या वर्षी आलेला, दहा हजार सहाशे."

ती बोनसची रक्कम होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नाही. स्वतःच्या भत्त्यातून कापले गेलेले पैसे परत आले, आणि त्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं पेढे घेऊन दुसऱ्याच्या पाया पडत होता. मला शेटचा राग आला, एजंटाचा आला, आणि खोटं कशाला बोलू, ह्यांचाही आला. इतकंही भोळं असू नये माणसानं.

काका म्हणाले, रिटर्न सुधारून भरता येतं. पण त्यासाठी मालकाचं पत्र लागेल की हे दरमहा बावीस हजारांवर ड्रायव्हर आहेत आणि बाकीची रक्कम गाडीचा खर्च होती. पत्र मिळालं की दाखला मिळेल. नाहीतर लेबर ऑफिसात तक्रार करता येईल, आणि अठरा वर्षांचं निधी-ग्रॅच्युइटीचं देणं निघेल, पण त्याला वेळ लागतो. मुलीच्या कॉलेजची तारीख त्याच आठवड्यातली होती.

परतताना रिक्षात, माजिवड्याच्या सिग्नलला हे म्हणाले, "शेट देईल पत्र. मी बोलतो." मी म्हटलं, मीपण येणार.

शेटचं ऑफिस एका गाळ्यात आहे. एसी, काचेचं टेबल, मागे देवांचे मोठे फोटो. मला बघून शेट खुर्चीतून अर्धा उठला. "या वहिनी, बसा. पोरीचा नंबर लागला म्हणे, छान झालं. थंडा घेणार?" मी थंडा घेतला नाही. ह्यांनी अडखळत, शब्द शोधत, माफी मागितल्यासारखं सगळं सांगितलं. माझी खात्री होती की शेट उडवून लावणार. मी भांडायच्या तयारीनंच पदर खोचून गेले होते.

शेट म्हणाला, "एवढंच ना? देतो की पत्र."

तिथेच मी कान टवकारले. नकाराशी भांडता येतं. इतक्या पटकन आलेल्या होकाराचं काय करायचं, ते कळत नाही.

"आत्ता टाइप करून घेऊ," शेट पुढे म्हणाला. "मागच्या वर्षाचं रिटर्न आहे ना तुमचं? मग मागच्या एप्रिलपासून कामाला आहे, असं लिहितो. तुमचं काम होऊन जाईल."

"मागच्या एप्रिलपासून?" मी म्हटलं. "अठरा वर्षं झाली ह्यांना तुमच्याकडे."

"झाली ना. मी कुठे नाय म्हणतो? पण कागदावर कशाला पायजे? तुमच्या पोरीच्या दाखल्याला एक वर्ष पुरतंय. अठरा लिहिली की उद्या पीएफवाला माझ्या दारात, परवा लेबरवाला. अकरा ड्रायव्हर आहेत अजून. सगळे येतील पत्र मागायला." मग तो ह्यांच्याकडे वळला. आवाज एकदम मऊ केला. "हे बघ, तू घरातला आहेस म्हणून देतोय. बाकीच्यांना बोलायचं नाय. आणि खाली तू सही करायची, की बरोबर आहे, मागच्या एप्रिलपासूनच. त्याच्या आधीचा काय हिशेब नाय."

मला सगळं लख्ख दिसलं. शेटला हे पत्र महाग पडणार नव्हतंच. ते त्याच्या फायद्याचंच होतं. ज्या देण्याबद्दल काकांनी सांगितलं होतं, ते आमच्याच सहीनं बुडवून घ्यायचं होतं त्याला, आणि वर उपकारही. माझ्या तोंडात शिवी आली. मी ह्यांच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "चला. नको आपल्याला पत्र. लेबर ऑफिसला जाऊ."

हे उठले नाहीत. माझा हात हळूच बाजूला केला.

"तारीख शुक्रवारची आहे," हे मला म्हणाले. मग शेटला म्हणाले, "लिहा शेट. मागच्या एप्रिलपासून."

प्रिंटर घरघरला. कागद आला. ह्यांनी सही केली. ह्यांची सही मोठी असते, नाव पूर्ण लिहितात, त्यामुळे वेळ लागला. मी तिथे उभी राहून बघत होते आणि माझे डोळे भरून आले, ते रागानं. कागद हातात घेऊन निघताना हे सवयीनं वाकले, पण पायापर्यंत गेले नाहीत. मध्येच सरळ झाले आणि "थँक्यू" म्हणाले. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहिले.

काकांनी रिटर्न सुधारलं, केंद्रावरच्या मुलीनं दाखला दिला आणि शुक्रवारी दुपारी पोरीची सीट पक्की झाली. तिनं पांढरा कोट घालून आरशात बघितलं. हे खूश होते, खरंच खूश होते. मला एकदाच म्हणाले, "नवीन माणूस झालो मी, एका वर्षाचा."

अशी गोष्ट झाकून राहत नाही. रिटर्न सुधारलेलं नाक्यावरच्या त्या एजंटला दिसलं, त्यानंच कुणाला तरी सांगितलं असावं. गाड्यांजवळ हे गेले की बाकीचे ड्रायव्हर बोलणं बदलायला लागले. टपरीवर ह्यांचा चहा ह्यांनाच सांगावा लागायला लागला. मग एका दुपारी दुसऱ्या एका ड्रायव्हरची बायको माझ्याकडे आली. आमचा घरोबा जुना, तिच्या नवऱ्यानंच ह्यांना वापीचा रस्ता दाखवला होता. तिच्या धाकटीचं यंदा बारावीचं वर्ष आहे. मी चहा ठेवला. ती बसली, आणि बसल्या बसल्या घरभर नजर फिरवू लागली. फ्रीज, पंखा, माझ्या हातातल्या बांगड्या. ती नजर मी ओळखते. माझीच आहे ती. तिला दिसत होतं की इथे काहीतरी शिजलंय.

"वैनी," ती म्हणाली, "भावजींना पत्र मिळालं. आमचे हे तीनदा गेले, शेट दारातसुद्धा उभं करत नाय. तुम्ही काय दिलंत त्याला?"

शेटनं बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, गेला उडत.

"अठरा वर्षं दिली," मी म्हटलं. "ह्यांनी लिहून दिलं, की मागच्या एप्रिलपासूनच कामाला लागलो. आधीचं काही मागणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी पुढे अजून काही सांगेन म्हणून. मग कप खाली ठेवला आणि थोडी जवळ सरकली.

"ते ठीक आहे वैनी," ती म्हणाली. "पण पैसे किती दिलेत ते सांगा ना."